निळा साप

माझी वहिनी युदोसिया लग्न होऊन आली, तेव्हा आंदीजच्या आमच्या खोऱ्यात तिच्यासारखे कमरपट्टे कुणी विणत नव्हतं. पुढच्याच हिवाळ्यात तापानं तिचे डोळे गेले. तिनं कमरेला बांधून विणायचा आपला माग गुंडाळून आढ्याला टांगला. ‘हातही आंधळे झालेत,’ एवढंच म्हणाली.

आई कुरकुरायची, “सून आणली की पाहुणी? बटाटेसुद्धा मीच सोलायचे!” माझा भाऊ मेलितोन खाली मान घालून जेवायचा.

एकदा मी वहिनीला मेंढरांमागं माळावर नेलं. दुपारी गारा कोसळल्या. आडोसा एकच, जुन्या देवळाचं दगडी भुयार. आत शिरून वळलो आणि उजेड संपला. मी भिंतीला चिकटून उभी.

“काय वन्सं, दिसत नाही वाटतं?” कित्येक महिन्यांनी वहिनी हसली. माझा हात धरून तीच पुढं निघाली आणि थबकली. “इथं कुणीतरी आहे.”

“दगडात कोरलेला देव आहे तो. चल मागं. सुळे आहेत त्याला, माणसं खातो म्हणतात.”

“खाणारा असा हसेल का गं?” तिची बोटं दगडावरून फिरत होती. “हे केस... छे, साप आहेत. हा वर गेला, इथं दुसऱ्याखालून निघाला. वन्सं, अगं, हे विणलंय कुणीतरी!”

खालून कुठूनतरी पाण्याचा आवाज येत होता, डोंगर झोपेत कूस बदलत असल्यासारखा. मला वाटलं, आम्ही दोघी त्या देवाच्याच स्वप्नात आहोत. तो जागा होऊ नये म्हणून मी श्वाससुद्धा हळू घेत होते.

घरी येताच तिनं माग उतरवला. धागे मी हातात द्यायचे. सापासाठी तिनं लाल मागितला. घाईत मी निळा दिला. कळलं तेव्हा अर्धा साप विणून झाला होता. रडवेली होऊन मी सांगितलं.

“असू दे,” ती म्हणाली. “अंधारात तो निळाच असेल.”

तो पट्टा आईनं कुणाला न विचारता कमरेला बांधला आणि सणात नाचून आली. मग पलीकडच्या खोऱ्यातल्या बायकाही निळा साप मागू लागल्या.

पुढं वहिनीला मुलगी झाली. तान्ह्या पोरीला आमच्याकडच्या रीतीप्रमाणं विणलेल्या पट्ट्यात गच्च गुंडाळून ती भुयारात घेऊन गेली. मी तोंडाशी थांबले. आतून गुणगुणणं येत राहिलं. बाहेर आली तेव्हा पोर झोपली होती.

“घाबरली नाही?”

“तिचा हात सोडवून त्याच्या ओठांवर ठेवला,” वहिनी म्हणाली, “तर तिथंच डोळे मिटले बघ हिनं.”