पुराच्या कडेची काठी

देलमीराला फोटोत अडगळ म्हणून खपत नसे. पाराना नदीच्या काठावरच्या त्या गावात लग्न असो की बाप्तिस्मा, फोटो तिचाच, आणि फोटोआधीची हलवाहलवही तिचीच. नवरदेवाच्या झिंगलेल्या मामाला ती खांबाआड उभं करी, पाद्रीबाबांना खुशाल दोन पावलं मागे सारी. "ही बया उद्या स्वर्गात गेली ना, तर मारियामातेलाही म्हणेल, बाई, जरा डावीकडे सरक!" असं तिचा दीर तिमोतेओ म्हणायचा. लोक हसत, आणि पुढच्या लग्नाला पुन्हा तिलाच बोलावत.

त्या वर्षी नदी फुगली ती फुगलीच. गावाला निदान बांध तरी होता. समोरच्या बेटांना काय होतं, डोंबल! बेटांवरचे लोक गुरंढोरं घेऊन निघाले होते. देलमीराला मात्र पुराचा एक तरी झकास फोटो हवा होता. सकाळीच तिमोतेओच्या होडीतून ती रोसेन्दो म्हाताऱ्याच्या बेटावर गेली.

रोसेन्दोने तिला माते, म्हणजे तिकडचा पानांचा कडू चहा, प्यायला दिला. घरात त्याची बायको बासिलिया मांडीचं हाड मोडून खाटेला खिळलेली.

"आजोबा, निघायचं नाही का?"

"काठी सांगेल तेव्हा निघू."

बेटावरची रीतच ती. पाणी चढायला लागलं की त्याच्या कडेला काठी रोवायची. पाणी काठी ओलांडून वर सरकलं की गाशा गुंडाळायचा.

देलमीरा कॅमेरा घेऊन चिखलात बसली. बुडालेलं विलोचं झाड एका बाजूला घेतलं, आभाळ थोडं कापलं, पाण्यातली घराची सावली पुरी येईल इतकी खाली वाकली. सगळं जमलं, आणि ती काठी नेमकी मधे! काठी कशासाठी आहे हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. पण डोळा कॅमेऱ्याला लागला की बाईला काठी म्हणजे नुसती काठी. तिने ती उपटली, फोटो काढला, आणि बूट भिजू नयेत म्हणून काठी चार हात वर, कोरड्यात खोचून दिली. खुशीत घरी आली.

दुपार कलल्यावर धक्क्यावर हशा पिकला होता. लोकांना आणायला गेलेली मोटारबोट रोसेन्दोने परत धाडली होती.

"म्हातारा म्हणतो, पाणी उतरलं!" बोटीतून नुकताच उतरलेला एक जण सांगत होता. "अख्खी नदी चढतेय, आणि एकट्या त्याच्यासाठी उतरतेय!"

देलमीरा गर्दी सारत पुढे आली. "बोट कुठाय?"

"वरच्या बेटांकडे गेली. आता उद्याच."

"तिमोतेओ, होडी काढ! अरे, मी काठी हलवली रे!"

तिमोतेओने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि शिवी गिळून होडी ढकलली.

सकाळची नदी ही नव्हेच. जलपर्णीचे ताटवेच्या ताटवे अंगावर येत होते. एक होडीला घासून गेला, त्यावर जाडजूड साप वेटोळं घालून बसलेला. म्हातारी खाटेवरून उठू शकत नाही, एवढंच देलमीराच्या डोक्यात घुमत होतं. देवा, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण त्यांच्यापर्यंत पोचू दे.

रोसेन्दो दारात माते प्यायचा भोपळा घेऊन आरामात बसला होता. "ये पोरी! बघ, दुपारी पाणी काठीच्या पार खाली गेलेलं, आता पुन्हा काठीशी आलंय. नदी खालीवर होतेय, दुसरं काय!"

"आजोबा, मी काठी हलवली. फोटोसाठी. वर रोवली."

म्हाताऱ्याला कळेचना. तेवढ्यात आतून बासिलिया कडाडली, "दुपारपासून बोंबलतेय मी, खाटेखाली पाणी आलंय, चपला तरंगताहेत! पण ह्यांना बायकोपेक्षा काठी खरी!"

घराची मागची बाजू सखल. पाणी तिकडून शिरलं होतं. तिघांनी म्हातारीला चादरीत उचललं. खाटेपाशी देलमीराच्या घोट्यापर्यंत पाणी होतं, म्हातारीला उचलेस्तोवर गुडघ्याला लागलं. चौघांच्या वजनाने होडी इतकी दबली की पाणी कडेवरून डोकावू लागलं. कुणी हलेना, कुणी खोकेना. तिमोतेओ वल्ही मारत होता आणि बासिलिया डोळे मिटून पुटपुटत होती. मागे वळून पाहिलं तर घराच्या दारात गढूळ पाणी भरलेलं.

रोसेन्दो बायकोचे ओले पाय सदऱ्याने पुसत राहिला. नदीच्या मध्यावर आल्यावर त्याने विचारलं, "काठी का काढलीस ग?"

रागावला असता तर बरं झालं असतं. देलमीराला रडू आवरेना. "फोटोच्या मधे येत होती, आजोबा."

"मधेच होती ती," म्हातारा म्हणाला. "नदीच्या आणि आमच्या मधे. तेवढीच तर होती."