पाहुण्यांचं पाणी

राजसबाईंनी तव्यावर डोशाचं पीठ पसरलं आणि दारावर थाप पडली. मुलगा श्रीपेरुंबुदूरची कंपनीची बस गाठायला केव्हाच गेला होता, म्हणून सून सौम्यानं दार उघडलं. दारात उपेंद्र. खारं पाणी गोडं करण्याच्या यंत्रावर संशोधन करणारा पुण्याचा पोरगा, आणि मागे कॅमेरावाला.

"आजी, आपलं यंत्र यशस्वी ठरलं. तुमच्या हातात पाण्याचा पेला, असा एक फोटो हवाय. आता किनाऱ्यावरच्या गावांसाठी मोठं सरकारी अनुदान मिळतंय."

राजसबाईंनी गॅस बंद केला. "कुठलं यंत्र यशस्वी?"

तंजावरहून लग्न होऊन चेन्नईतल्या रायपुरमच्या या गल्लीत आल्यापासून बाईंचा जन्म पाण्याशी भांडण्यात गेला. समुद्र हाकेच्या अंतरावर, बोअरचं पाणी खारट, त्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. कोपऱ्यावर हे यंत्र बसलं तेव्हा त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. एक उन्हाळा गोडं पाणी आलं. मग पाणी गाळणारा आतला पडदा क्षारांनी तुंबला आणि पुन्हा तेच खारं. फोन करावा तर उत्तर ठरलेलं: तुमच्या गल्लीचं पाणी उत्तम असल्याची नोंद आहे.

"अहो, कोपऱ्यावरचंच. तपासणीसाठी पाण्याचा नमुना मीच नेला होता, याच घरातून," उपेंद्र म्हणाला.

आता बाईंना ती दुपार आठवली. कोपऱ्यापर्यंत उन्हात जायचा कंटाळा करून हा पंख्याखाली बसला आणि म्हणाला, प्यायचं पाणी द्या. दारी आलेल्याला खारं पाणी देणं ही त्या घरची रीत नव्हे. पाहुण्यांसाठी वेगळ्या कळशीत विकतच्या कॅनचं पाणी असतं, तेच त्यांनी दिलं. त्यानं थोडं बाटलीत भरून घेतलं, तेव्हा त्यांना वाटलं, पोराला वाटेत तहान लागेल.

"तंबी," धाकट्या भावाला हाक मारावी तशा त्या म्हणाल्या, "ते कॅनचं पाणी होतं."

सौम्या सासूकडे बघून फिसकन हसली. "अत्तै, तुमच्या पाहुणचाराला सरकारची शाबासकी."

उपेंद्रचा चेहरा उतरला. "पण अहवाल दिल्लीला गेलाय. मंजुरी होऊ द्या, मग बघू. आत्ता फक्त फोटोपुरतं..."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "फोटोपुरतं? सरकारनं पाण्याच्या शोधासाठी पैसा दिला, आणि तुमच्यानं कोपऱ्यापर्यंत चालवलं नाही. तुमच्या कागदावर आम्ही गोडं पितो, म्हणून दुरुस्तीला कुणी फिरकत नाही. आता हेच तुंबणारं यंत्र त्या गावांच्या गळ्यात मारणार. तिथल्या बायकाही भोळेपणानं हळदकुंकू वाहतील."

त्यांनी पेला उचलला, कोपऱ्यावर जाऊन यंत्राच्या नळाखाली भरून आणला आणि त्याच्यापुढे धरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या घरात पाहुण्याला असं पाणी मिळत होतं. उपेंद्रनं एक घोट घेतला. तोंड वाकडं झालं, पण गिळला.

"नवं यंत्र मागत नाही मी," राजसबाई म्हणाल्या. "अहवालात एवढंच लिहा, या गल्लीचं पाणी खारट आहे."