दोनदा पडलेलं मीठ

आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक चाखून बघत नसत. मीठ-तिखट सगळं अंदाजावर. म्हणून जी मीठ घालेल तिनं ‘मीठ पडलं’ असं मोठ्यानं म्हणायचं, हा नियम.

मी कोरेगावची. लढाईवरून परतलेल्या शिपायाशी लग्न होऊन उंब्रजजवळच्या खेड्यात आले, त्याला जेमतेम महिना झाला होता. तेवढ्यात अमावास्येचा नैवेद्य आला. मी कटाच्या आमटीत मीठ घातलं, पण बाहेर सोप्यात सासरे बसलेले. नव्या सुनेनं आवाज कसा काढायचा? मी गप्प राहिले आणि सासूबाईंनी पुन्हा मीठ घातलं.

पहिल्याच घासाला सासऱ्यांना ठसका लागला. त्यांनी ताट सरकवलं. सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. नवऱ्यानं मात्र वाटी रिकामी केली, वर आणखी मागून घेतली आणि चांगली झालीय म्हणाला. तो रोज हेच म्हणायचा. मला काही कळेना. हा माझी बाजू घेतोय, की सगळ्यांदेखत माझी थट्टा करतोय? याला मी आवडते की नाही, एवढं तरी कुणी सांगावं असं वाटत होतं. विचारणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन उसाच्या रानात गेले. तिथं आम्हाला बोलता यायचं. धीर करून कालच्या आमटीचं विचारलं.

“मला चवच लागत न्हाई,” तो म्हणाला. “तिकडं ताप आलता, तवापास्नं. आईला सांगू नगंस.”

मला हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, वर शेंगदाण्याची चटणी घातली आणि माझ्यापुढं धरला. नवऱ्याआधी, त्याच्यासमोर खायचं? मी इकडंतिकडं बघितलं आणि खाल्लं.

“कशी हाय?”

“चांगली हाय.”

“चांगली तर मीबी म्हनतो. कशी हाय, ते सांग.”

मी गोंधळले. नवव्या वर्षापासून चुलीपुढं बसत होते. खारट झालं, आळणी झालं, हे सगळे मला सांगत आले होते. मला कशी लागली, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तो वाट बघत होता. मी आणखी एक तुकडा मोडला, चटणी लावली आणि या वेळी सावकाश चावू लागले.