मोनिकला घेऊन कान्हेरीला, आणि मग आईकडे

मोनिकचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरला घरी मेथी निवडत बसले होते. ती अंधेरीत एका गेस्टहाउसच्या पायरीवर बॅग घेऊन बसली होती. महिन्याभरापूर्वी ठरवलेली खोली, मालकाने तिचा चेहरा बघितल्यावर, एकाएकी गळायला लागली होती. पाणी कुठे दिसलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, भिंत कोरडी ठणठणीत आहे. तिला तिथेच थांबायला सांगितलं आणि निघाले.

मोनिक अमेरिकेतली कृष्णवर्णीय रेडिओ पत्रकार. मी एका मराठी पेपरात बातमीदार, घर बौद्ध. तीन वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत भेटलो आणि एकाच तक्रारीवरून आमचं जमलं. तिच्या शहरात पोलिसांच्या गोळीने काळा मुलगा गेला की संपादक त्याच्या आईकडे तिलाच पाठवतात. तिला नदीवर मालिका करायची होती, ती दुसऱ्याला मिळाली. मलाही वस्तीवर काही झालं की फोन येतो, तुझ्याशी ते लोक पटकन बोलतात ना म्हणून. आणि जरा तिखट लिहिलं की तटस्थपणाचे धडेही आम्हालाच. आता ती जात आणि वर्ण यांवर कार्यक्रम करायला आली होती. मी आधीच बजावलं होतं, आधी दोन दिवस माझी मुंबई बघायची, मग माईक काढायचा.

अंधेरीहून घाटकोपरला मेट्रोने वीस-पंचवीस मिनिटं लागतात. डब्यात लोक तिच्याकडे टक लावून बघत होते. एका बाईने तिच्या वेण्यांना हात लावायची परवानगी मागितली, खुणेनेच. मोनिकने मान खाली केली. उतरल्यावर म्हणाली, निदान हिने विचारलं तरी.

दुसऱ्या दिवशी कान्हेरी. जायचं असेल तर सोमवार सोडून जा, त्या दिवशी नॅशनल पार्क बंद असतं. घाटकोपरहून मेट्रोने हायवेच्या स्टेशनला उतरायचं, पुलावरून चालत गुंदवलीला जायचं आणि दुसरी मेट्रो पकडून बोरिवलीच्या पार्कच्या दाराशी पोचायचं. आतून लेण्यांपर्यंत बस मिळते. सकाळी लवकर गेलात तर रांग नसते. पाण्याची बाटली न्या, खाऊ मात्र पिशवीत खोल ठेवा. आमची केळी माकडांनी पहिल्याच वळणावर नेली.

लहानपणी बाबा आम्हाला इथे घेऊन यायचे. मोठ्या चैत्यात आवाज कसा घुमतो ते दाखवायचे. मोनिकला चैत्य आवडला, पण ती रेंगाळली एका पाण्याच्या टाक्यापाशी. तिथे दगडात चार ओळी कोरलेल्या आहेत. अशा लेखांत दान देणाऱ्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव असतं, कुणी कल्याणचा, कुणी सोपाऱ्याचा, असं मी सांगितलं. तिने त्या ओळींवरून बोट फिरवलं. मग तिने सांगितलं की तिच्या पणजीच्या आईची नोंद एका मालकाच्या गुलामांच्या वहीत आहे. वय लिहिलंय, उंची लिहिलीय, नाव नाही.

"दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याचं टाकं देणाऱ्या माणसाचं गाव तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "मला माझं गाव माहीत नाही."

आम्ही तिथल्याच दगडी बाकावर बसून राहिलो. खाली झाडांच्या पलीकडे बोरिवलीच्या इमारती दिसत होत्या.

तिसऱ्या दिवशी आईकडे. आई विक्रोळी पूर्वेला खाडीच्या बाजूच्या बैठ्या चाळीत एकटी राहते. घाटकोपरहून रिक्षा सहज मिळते. आईने ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत आणि सुक्या बोंबलाची चटणी केली होती. चटणीने मोनिकच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने दुसऱ्यांदा वाढून घेतली. आई खूश.

जेवण झाल्यावर मोनिकने विचारून माईक काढला. मी मध्ये बसून दुभाषाचं काम करणार होते. पण पहिला प्रश्न आईनेच विचारला.

"तू मे महिन्यात कुठल्या गावाला जातीस गं?"

मी तो इंग्रजीत सांगितला. मोनिक म्हणाली, गाव नाही. आईला वाटलं मी चुकीचं सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, मग कान्हेरीतलं सगळं मराठीत समजावलं. आई थोडा वेळ मोनिकचा हात धरून बसली. मग आपल्या बोरगावचं सांगायला लागली. ओढा, आजोळची चिंच, आमच्या लोकांची वेगळी विहीर, आणि तिची आई दळताना कशी मध्येच हसायची. तसं हसूनही दाखवलं.

त्यानंतर तिने जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

मुलुंडला एका घरी आईने अकरा वर्षं स्वयंपाक केला. गुडघे दुखतात म्हणून ते काम सोडलं, हे आम्हा भावंडांना पाठ होतं. आता ती सांगत होती की तिथे तिने आडनाव बोरगावकर लावलं होतं. जयंतीच्या मिरवणुकीत त्या घरच्या ड्रायव्हरने तिला निळ्या साडीत पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला दारातच थांबवलं, आत येऊ नका म्हणाल्या, आणि तिचा चहाचा कप पिशवीत घालून हातात दिला.

दुभाषाने 'मी' म्हणूनच बोलायचं असतं. 'मी माझं नाव लपवलं,' असं मी इंग्रजीत म्हटलं आणि थांबले. इतक्या वर्षांत किती अनोळखी बायांना मी असे प्रश्न विचारले होते, घरात एकदाही नाही. मोनिकने माईक बंद करायला हात पुढे केला. आईने तिचा हात बाजूला सारला.

"र्‍हाऊ दे चालू," ती मला म्हणाली. "तू सांग तिला. नीट सांग."

मी सांगितलं. शेवटपर्यंत.

मोनिक गेली. दीड महिन्याने कार्यक्रम झाला. आईची त्यात जेमतेम दोन वाक्यं होती. गाव, विहीर, काहीच नव्हतं. तिच्या वरिष्ठांना ते फार स्थानिक वाटलं, असं मोनिकने कळवलं. ती खूप भांडली होती आणि हरली होती. सोबत तिने अख्खं रेकॉर्डिंग पाठवलं, आता हे तूच लिही म्हणून.

रविवारी ते घेऊन विक्रोळीला गेले. आईने फोन कानाला लावला. मला वाटलं ती रडेल, नाहीतर रागावेल. ती नुसती ऐकत होती, डोळे मिटून. मग फोन खाली घेऊन माझ्याकडे बघत राहिली.

"हा माझा आवाज न्हाय," ती म्हणाली. "माझी आई बोलतीय ही."

आजी गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तिचा एक फोटोसुद्धा नाही. आईने आपला आवाज असा बाहेरून कधी ऐकलाच नव्हता.

मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. मुलुंडचं आलं तसं तिने हाताने थांबवलं. ते नको, म्हणाली. ते तू लिही. ते दळताना हसायचं आहे ना, तेवढंच मला लाव.