बंदुकीला माझी हरकत

आमच्या चुलतदिरांनी आमच्या ह्यांच्यावर बंदूक झाडली ती विहिरीच्या पाण्यावरून. विहीर दोन घरांची सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. त्या उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं होतं. आमची पाळी संपली तरी मोटर चालू राहिली, असं त्यांचं म्हणणं. लाईट मध्येच गेली होती, तेवढा वेळ भरून घेतला, असं ह्यांचं म्हणणं. शब्दाला शब्द लागला. भावजी तरातरा घरी गेले आणि रानडुकरांसाठी चुलतसासऱ्यांच्या वेळेपासून घरात असलेली बंदूक घेऊन आले. भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर, त्यांनी बार काढला. छर्रे ह्यांच्या मांडीत घुसले. कोर्टात भावजी म्हणाले, मी हवेत मारला होता. आमच्या ह्यांची मांडी हवेत कधी गेली, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

शिक्षा झाली. येरवड्याला काही वर्षं काढून ते परत आले तेव्हा केस पांढरे झाले होते आणि आवाज खाली आला होता. बंदूक सरकारजमा झाली होती. आमचे हे लंगडत का होईना चालायला लागले होते. भाऊबंदकी अशी की भांडण कोर्टापर्यंत जातं, पण विहीर काही वाटून घेता येत नाही. ते आत असतानाही जाऊबाई त्यांच्या पाळीला मोटर चालू करायला यायच्या, मी आमच्या पाळीला जायचे. एकमेकींकडे बघायचं नाही, पण पाळी चुकवायची नाही. पुढे केव्हातरी दोघे भाऊ बोलायला लागले. बाप्या माणसांचं मला नवल वाटतं. ज्याने मांडी फोडली त्याच्याच तंबाखूत ह्यांनी चुना मळून घेतला. मी मात्र भावजींशी आणि जाऊबाईंशी बोलायची ती कामापुरतं.

आता आमच्याकडे माणसापेक्षा ऊस जास्त आणि उसात बिबटे. पेठ गावापासून इकडे कुणालाही विचारा, ज्याने बिबट्या पाहिला नाही असा माणूस सापडायचा नाही. आमच्या पलीकडे मेंढरं घेऊन बसणारं एक घर आहे, बिबट्या मान धरतो म्हणून त्यांच्या बाईने पहिल्यांदा गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातला. तसला पट्टा पूर्वी मेंढरांमागच्या कुत्र्याच्या गळ्यात असायचा. आम्ही हसलो. महिनाभरात माझ्याही गळ्यात तसाच पट्टा होता. खुरपायला वाकलं की तो हनुवटीला लागतो. आरशात बघून मीच म्हणाले, लग्नात नवऱ्याने घातलं नाही एवढं वजन आता गळ्यात आलं.

भावजींचं घर मळ्यात, तिन्ही बाजूंनी ऊस. मुलगा चाकणला कंपनीत, बायको-मुलं तिकडेच. घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. आधी त्यांचं कुत्रं गेलं, मग गोठ्यातलं वासरू. वनखात्याची माणसं पिंजरा लावून गेली, पिंजऱ्यात शेजारची शेळी तेवढी ओरडत राहिली. तेव्हा भावजींनी ठरवलं की बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज करायचा.

पोलीस पाटलांनी चौकशी करून त्यांना समजावून दिलं. शिक्षा भोगून ठराविक वर्षं उलटली की अर्ज करता येतो. देणं न देणं वरच्या साहेबांच्या हातात. पण साहेब खालून अहवाल मागवणार, माणूस आता कसा आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांची हरकत आहे का. ज्याला गोळी लागली त्या घराचा जबाब महत्त्वाचा. बंदूक मिळाली तरी बिबट्या मारायचा नाही, तो गुन्हा आहे. हाकलायला बार काढायचा तो हवेत. मी हे ऐकलं तेव्हा चुलीपुढे होते. परत हवेतच, एवढंच माझ्या मनात आलं आणि भाकरी करपली.

गावाला तर हे हवंच होतं. आमच्या यात्रेला पालखी देवळाबाहेर निघाली की पहिला बार भावजींच्या घरच्या बंदुकीचा, असा मान. बंदूक जमा झाल्यापासून कुणीतरी सुतळी बॉम्ब लावतं. म्हातारी माणसं म्हणायची, देवाला फटाक्याने उठवतात का. त्यामुळे बिबट्याचं निमित्त झालं आणि गावाला आपला मान आठवला. देवळापुढे बसून सगळ्यांनी आपापसांत ठरवून टाकलं, कुणाचीच हरकत नाही. आमचे हेही म्हणाले, माझी पण नाही, झालं गेलं. ज्याचं रक्त मी लुगड्याने पुसलं तो माणूस देवळापुढे असं म्हणून घरी आला आणि जेवायला बसला. मला कुणी विचारलं नाही. जबाब द्यायचा म्हणजे बाप्यांनी, हे आमच्याकडे ठरलेलंच आहे. मी ताट वाढलं, आणि भाजी जरा जोरातच वाढली.

मला विचारलं ते फक्त एका माणसाने. दोन दिवसांनी सकाळी भावजी आमच्या ओट्यावर आले. त्या उन्हाळ्यानंतर ते आमच्या ओट्यावर चढले नव्हते, दोघे भाऊ बोलायचे ते बांधावर. मी चहा ठेवला. घरात आलेल्याला चहा द्यायचा नाही असं मला जमत नाही, मग तो कुणी का असेना. त्यांनी चहा हातात घेतला आणि खाली बघूनच बोलले.

"वहिनी, समद्यांनी व्हय म्हणलंय. दादानं बी म्हणलंय. पर तुमी व्हय म्हणल्याबिगर मी अर्ज देणार न्हाई."

मला राग आला. गावाने विचारलं नाही म्हणून जो राग होता तो, आणि याने का विचारलं म्हणून नवा. न विचारता अर्ज दिला असता तर मी बसले असते शिव्या देत, मोकळी झाले असते. आता सगळं माझ्या डोक्यावर.

मी म्हणाले, शिक्षा भोगली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. रेशन घ्या, मत टाका, सोसायटीला उभे राहा, मी स्वतः तुम्हाला मत देईन. तुमच्या नातवाच्या बारशाला मी आले होते, लग्नालाही येईन. माणसाला जन्मभर गुन्हेगार म्हणून हिणवू नये, हे मलाही कळतं. ज्याला कुणी परत माणूस म्हणत नाही तो पुन्हा माणसासारखा वागणार तरी कसा? पण बंदूक ही काही मताची चिठ्ठी नाही. तुम्हाला राग येताना मी पाहिलाय. घरातून बंदूक आणून परत विहिरीपर्यंत यायला तुम्हाला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात दुसऱ्या कुणाचाही राग उतरला असता. तुमचा नाही उतरला. अजून यात्रेचा फटाका वाजला की माझ्या हातातून पाण्याचा हंडा सुटतो. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, मी तर पाणीही फुंकून पिते.

हे एवढं सगळं मी बोलले आणि शेवटी म्हणाले, "भावजी, माझी हरकत हाय."

त्यांनी वाद घातला नाही. चहा संपवला, बरं म्हणाले, आणि गेले. अर्ज दिला नाही. पोलीस पाटलांना सांगितलं, मला नको. कारण सांगितलं नाही, पण गावात अशा गोष्टी राहतात थोड्याच. जाऊबाईंनी मोटरपाशी माझ्याशी बोलणं पुन्हा सोडलं. यात्रेत दोघीजणी मला ऐकू जाईल अशा बोलल्या, की काही बायकांच्या पोटात देवाचाही मान मावत नाही. मी ऐकून घेतलं. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं मनाशी म्हणत राहिले. पण संध्याकाळी गाई बांधताना नजर त्यांच्या उसाकडे जायची. गळ्यात अडकवलेल्या एवढ्याशा बॅटरीच्या उजेडात भावजी गोठ्याकडे जाताना दिसायचे, काठीने पत्र्याचा डबा बडवत. ते घरात शिरेपर्यंत मी दारातून हलत नसे. हे मी कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही.

आणि मग ते झालं. आमचे हे त्या दिवशी कांदा घेऊन मंचरला गेले होते. सकाळी मीच त्यांना भाकरी बांधून दिली होती. मार्केटला गाड्यांची रांग लागलेली, उशीर होईल असा त्यांचा दुपारी फोनही आला होता. दिवस मावळायला भावजी गुरांच्या घासाला पाणी द्यायला उतरले आणि उसाच्या कडेला बिबट्याने त्यांना धरलं. जाऊबाईंची किंकाळी आली. मी हातात सापडलं ते घमेलं घेऊन खुरप्याने बडवत धावले. मेंढरांच्या घरातली माणसं धावली. आम्ही पोचलो तेव्हा बिबट्या उसात शिरला होता आणि भावजी बांधावर बसलेले होते, एका हाताने दुसरा हात धरून. दंडाचं मांस लोंबत होतं. मी माझा पदर फाडून बांधला. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात बंदूक होती, ते मला कळलं.

त्यांना मंचरला दवाखान्यात नेलं. आमचे हे बाजारातून सरळ तिकडे आले. टाके पडले, इंजेक्शनं सुरू झाली. हात वाचेल म्हणाले, पण पहिल्यासारखा वळणार नाही. मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. जाऊबाई औषधं आणायला खाली गेल्या होत्या. कॉटशेजारी स्टुलावर बसले आणि मला रडू आलं. मी सहसा रडत नाही, त्यामुळे मला ते नीट जमतही नाही. मी म्हणाले, भावजी, मी आडवी आले नसते तर आज हातात बंदूक असती.

ते छताकडे बघतच म्हणाले, "वहिनी, लई बरं झालं न्हाई म्हणला ते. बंदूक असती तर म्या त्या घाईत झाडलीच असती. आन समोरच्या बांधावं दादा उभा व्हता. परत त्यालाच लागलं असतं."

मी तोंडावर पदर घेतला. दादा समोरच्या बांधावर नव्हता. दादा मंचरच्या मार्केटमध्ये कांद्याच्या गाडीवर बसला होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. भावजींना ते ठाऊक नसावं, किंवा ठाऊक असून त्यांनी बोलायचं तेच बोलून टाकलं असावं. हात जायबंदी झालेला माणूस, सुया टोचलेल्या, आणि माझ्या मनावरचा धोंडा उतरावा म्हणून माझ्याशी खोटं बोलत होता. कोर्टात स्वतःला वाचवायला खोटं बोललेला माणूस तोच होता. ते खोटं मला तोंडपाठ आहे, त्यामुळे या दोन खोट्यांतला फरक मला कुणी समजावून द्यायला नको होता. मी डबा उघडला आणि म्हणाले, जेवा आधी, वरण निवतंय.

आठवडाभर मी उठता-बसता विचार करत होते. तो राग आता त्यांच्यात उरला नाही, असं मला कुणी शपथेवर सांगू शकत नाही. भावजीही नाही सांगू शकणार. माणूस बदलतो की नुसता म्हातारा होतो, ते बाहेरून कसं ओळखायचं? पण मी जी हरकत घेतली होती ती त्या उन्हाळ्यातल्या माणसावर घेतली होती. दवाखान्यातल्या त्या कॉटवर पडलेला माणूस मी पाहिलाच नव्हता तोवर.

ते घरी आल्यावर मी त्यांच्या मळ्यात गेले आणि जाऊबाईंच्या देखत म्हणाले, अर्ज द्या. ते नको म्हणाले, आता बंदूक धरायला हात तरी कुठे आहे. मी म्हणाले, डावा हाय की. जाऊबाई त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसल्या. अर्ज गेला.

काही दिवसांनी जबाबासाठी ह्यांना चौकीत बोलावलं. ह्यांच्या मागे मीही गेले. हवालदार म्हणाला, मावशी, तुमची गरज नाही, ज्यांना लागलं त्यांचा जबाब झाला. मी म्हणाले, लागलं ते मी पाहिलंय, माझाही घ्या. तो तरुण होता, चांगला होता. खुर्ची दिली. कागद पुढे ओढून त्याने विचारलं, अर्जदाराला बंदूक मिळण्यास तुमची काही हरकत आहे का?

"मला भ्या वाटतं," मी म्हणाले. "हरकत न्हाई. दोनी लिवा."

त्याने पेन थांबवलं. ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, मावशी, तसं दोन्ही लिहिता येत नाही. हरकत आहे की नाही, एवढंच विचारलंय.

मी म्हणाले, हरकत न्हाई. त्याने तेवढं लिहिलं, मी सही केली, आणि भीती घेऊन घरी आले.