डब्यातली अकरा माणसं

पवित्राच्या हाती कुठलीही नवी वस्तू आली, की ती आधी ताणून बघते. पिशवीचे बंद, छत्रीच्या काड्या, शेजारच्या बाळाच्या खेळण्याची चाकं. घरात हे कुणाला वावगं वाटत नाही, कारण ही खोड आजोबांची. शिवाजीनगरात, म्हणजे पुण्यातल्या नव्हे, इथल्या कानडी मुलखातल्या, त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि कपडा गिऱ्हाइकाला देण्याआधी ते प्रत्येक शिवण दोन्ही हातांत धरून कचकन ओढत. "फाटायचं तर इथं फाटू दे," म्हणत, "लग्नाच्या मांडवात नको." दुकान गेलं, खोड राहिली. चौतिशीतली पवित्रा आता इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. म्हणजे दुसऱ्यांनी घातलेल्या शिवणी दिवसभर ओढत बसते, आणि त्यात तिचा हात धरणारं तिथं कुणी नाही.

रविवारी दुपारी ती आजोबांच्या त्याच गल्लीत जाते. तिथं रघुनंदनचं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. त्या दिवशी शटर अर्धं खाली असतं, आणि वरच्या माळ्यावर चार माणसं एका टेबलाभोवती बसून खेळतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकापुढं एक कागद, त्यावर आपल्या पात्राचं नाव, बळ, विद्या, जखमा. रघुनंदन गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. राजे, राक्षस, घाटातल्या गुहा, सगळं त्या माळ्यावर मावतं.

सहा वर्षं खपून रघुनंदननं या खेळाचे नियम मराठीत लिहिले होते, आणि आता सोमवारी पुस्तक छापायला जाणार होतं. नियम तपासायचं काम साहजिकच पवित्राकडं आलं. तेरा दोष तिनं काढले, तेराही त्यानं मुकाट्यानं दुरुस्त केले. चौदावा तिनं अजून सांगितला नव्हता.

त्या नियमाचं नाव 'वेडाचा तक्ता'. पात्रानं काही भयंकर पाहिलं की त्याचं मनोबल घटतं. ते शून्यावर आलं की फासा टाकून तक्त्यात बघायचं. तीन पडले तर पात्र दगडांशी बोलतं, सात पडले तर खदाखदा हसत सुटतं, अकरा पडले तर शेजारच्या सोबत्यावर तलवार उगारतं. काहीही पडलं तरी शेवट एकच: कागद रघुनंदनकडं द्यायचा. तो बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात जातो. डब्यावर मार्करनं कन्नडमध्ये लिहिलं होतं, 'हुच्चरु', म्हणजे वेडे. आत अकरा कागद होते. या खेळात जखमी पात्राला वैद्य मिळतो, मेलेल्यालाही एखादा ऋषी उठवू शकतो. डब्यातून मात्र आजवर कुणी बाहेर आलं नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी पवित्रा तीन आठवडे झोपली नव्हती. डोक्यात विचारांची घोडदौड, मग इस्पितळ. घरी परतली तेव्हा तिचा फोन आईकडं होता, बँकेचं कार्ड मामांकडं, आणि नोकरीचा राजीनामा तिच्या वतीनं कुणीतरी पाठवून दिलेला. सगळं मायेपोटीच. त्यातली एकेक गोष्ट तिनं परत मागून घेतली. माळ्यावर यातलं काही कुणाला ठाऊक नव्हतं. कळलं की बघणाऱ्याची नजर कशी बदलते, हे तिनं नातेवाइकांत पाहिलं होतं, आणि रविवार तिला जिवापाड प्रिय होता. पण पुस्तक छापलं गेलं की तो डबा घरोघर जाणार होता.

दोष नुसता सांगून भागत नाही, तो घडवून दाखवावा लागतो, हे ती कामावर शिकली होती. म्हणून त्या रविवारी तिच्या पात्रानं, म्हणजे चंद्री नावाच्या वाटाडीनं, गुहेतल्या काळ्या विहिरीत मुद्दाम डोकावून पाहिलं.

"नको वो अक्का!" बसवंत ओरडला. तो निपाणीकडचा, मेट्रोच्या डेपोत कामाला. "दोनच गुण उरल्यात तिचे!"

मनोबल शून्य. फाशावर नऊ.

"चंद्रीला आवाज ऐकू येऊ लागतात," रघुनंदननं तक्ता वाचला आणि डब्याचं झाकण काढलं. "दे गं."

"चंद्री गॉन!" पुण्याहून हेब्बाळला नोकरीसाठी आलेला अर्णव म्हणाला. "आर आय पी, चंद्री."

पवित्रानं कागदावर तळहात ठेवला. "नाही देणार."

"अक्का, रूल इज रूल," अर्णव म्हणाला.

"आवाज ऐकू येतात, बरं. म्हणून ती वाट विसरली, असं कुठं लिहिलंय?"

रघुनंदननं पान उलटलं. "तसं नाही लिहिलेलं."

"पाय मोडले?"

"नाही."

"मग चालेल ती. पुढं दोराचा पूल आहे, आणि पलीकडची वाट एकट्या तिला माहितीय. तिला डब्यात घातलंत तर ही दोघं जाणार कशी?"

"इथंच कुजणार की आम्ही," बसवंत म्हणाला.

"स्वल्प थांबा," रघुनंदन चिडला. "उद्या छापायला जायचंय, आणि तू आज सांगतेयस? वेडा माणूस स्वतःचं स्वतः ठरवतो, असं पाहिलंयस कुठं?"

खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. विषय बदलायला तेवढा वेळ पुरेसा होता. पवित्रानं तो जाऊ दिला.

"आमच्या घरी. या नियमाचं टेस्टिंग मी पाच वर्षं केलंय, अण्णा. बायपोलर म्हणतात. गोळ्या चालू आहेत. तीन वर्षं तुमच्या शेजारी बसतेय, कुणावर तलवार उगारली का?"

अर्णवनं मान खाली घातली. मग बसवंत हळूच म्हणाला, "तलवार न्हाई. जीभ उगारतासा की, दर रविवारी."

आधी पवित्राच हसली, मग अर्णव. रघुनंदन हसला नाही. हातातल्या झाकणाकडं बघत तो म्हणाला, "मग नियम काय असावा?"

तो तिच्या पर्समध्ये लिहून तयार होता. कागद खेळणाऱ्याकडंच राहील. फासा टाकताना दोन गुण कमी. सोबत्यांनी पहारा दिला, झोप मिळाली, काढा घेतला, तर मनोबल परत येईल. सगळं येईलच असं नाही. कुठं जायचं हे मात्र ते पात्रच ठरवेल.

रघुनंदननं दोनदा वाचलं. "लिहायला सोपं आहे. खेळून दाखव."

चंद्री पुलाच्या तोंडाशी उभी राहिली.

"बसवंत, तुला घंटा ऐकू येतेय?"

"न्हाई."

"मग ती माझीच. चला, माझ्या मागोमाग."

फाशावर चौदा पडले, दोन वजा, बारा. पूल पार झाला. मधली फळी निसटून अर्णवच्या शिपायाची ढाल तेवढी दरीत गेली, आणि त्यानं नेमाप्रमाणं पवित्राला बोल लावला. त्याची नजर कालपरवासारखीच होती. तिनं ती नीट पारखून घेतली.

"सरी, ठीक आहे," रघुनंदन म्हणाला. "छपाई आठ दिवस पुढं."

मग त्यानं डबा टेबलावर पालथा केला. अकरा कागद पसरले, कडा पिवळ्या पडलेले, काहींवर चहाचे डाग. तो एकेक उचलून ज्याचा त्याला देऊ लागला.

"माझा भैरू!" अर्णव जवळजवळ उभाच राहिला. "पहिल्याच महिन्यात गेला होता हा!"

"गेला कुठं," बसवंत म्हणाला. "इथंच तर होता."

रिकामा डबा पवित्रानं ओढून घेतला, बोटाला थुंकी लावून मार्करचं अक्षर पुसून पाहिलं. पुसलं जाईना. मग तिनं झाकण बसवलं, दोन्ही हातांनी धरून ओढलं.

"पक्कं आहे," ती म्हणाली. "नवा कागद चिकटवा. फासे ठेवायला होईल."