दाराबाहेरची तीस वर्षं

नोकरीच्या मुलाखतीला माणसानं कसं जावं, हे सांगणारा आमच्या समोरच्या काकांइतका अधिकारी माणूस अख्ख्या लालबागेत दुसरा नव्हता; आणि या काकांनी जन्मात एकही मुलाखत दिली नव्हती. फोर्टातल्या एका विमा कंपनीत त्यांना गाववाल्यानं पट्टेवाला म्हणून चिकटवलं, आणि मोठ्या साहेबांच्या दाराबाहेरच्या स्टुलावर त्यांनी तीस वर्षं काढली. आत गेलेली आणि बाहेर आलेली हजारो पोरं त्यांनी पाहिली होती. आत काय विचारतात याचा त्यांना पत्ता नव्हता आणि फिकीरही नव्हती. "आत काय बोलायचा ता तुजा तू बघ," ते म्हणत, "मी दारापर्यंतचो माणूस."

दारापर्यंतचं मात्र ते काही शिल्लक ठेवत नसत. मुलाखतीचं पत्र आलेल्या पोराला ते आधी गॅलरीतल्या बाकड्यावर तासभर नुसतं बसवत. गुडघा हलला की ओरडा. रुमालानं मान पुसली की पुन्हा पहिल्यापासून. मग त्यांच्याच खोलीचं दार लोटून आत जायचं. आत काकू साहेब होऊन तांदूळ निवडत बसलेल्या. साहेबानं कडक बोलावं अशी त्यांना ताकीद होती, पण काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलंस काय रे?" काका बाहेर दाराला कान लावून कपाळावर हात मारत. ही विद्या ते इतरत्रही चालवत. मुलगी पाहून निघालेली मंडळी चपला कशा घालतात, यावरून ते होकार की नकार ते सांगत. आमच्या ताईच्या वेळी मुलाच्या बापानं उजव्या पायात डावी चप्पल सरकवली, तेव्हा काका पुटपुटले, "जमला. घाई झाली तेंका." आणि ताईचं खरंच जमलं.

माझं पत्र काकांच्याच जुन्या कंपनीतून आलं, तेव्हा आमच्या घरात थट्टेला जागा उरली नव्हती. वडील गिरणीत साच्यावर कापड विणत. त्यांची छाती कामातून गेली होती, डॉक्टरांनी गिरणी सोडायला सांगितलं होतं, आणि मी कुठेतरी लागल्याशिवाय ते सोडणार नव्हते. त्यात मी संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तीन दिवस कोठडीत राहून आलेला. ते विचारलं तर? आई म्हणाली, "सरळ नाही म्हणून सांग." मी काकांना विचारलं. त्यांनी नेहमीसारखे हात वर केले आणि एवढंच म्हणाले, "खरा बोलान भायर येता त्येचो घसो सुकता, तो पाणी मागता. थापाड्यो मागणा नाय, तसोच जिनो उतरता."

"आणि नोकरी कोणाला मिळते?"

"ता आतल्यांका ठावक."

त्या दिवशी जुन्या सोबत्यांना भेटायच्या निमित्तानं काकाही माझ्याबरोबर आले आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसले. आत तीन साहेब होते. मधल्यानं कागद चाळता चाळता विचारलंच, "कधी अटक झाली होती?" वडिलांचा खोकला मला तिथे ऐकू आला. तरी मी सांगून टाकलं. साहेबांनी चष्मा काढला. "पुन्हा सत्याग्रहाला जाल?"

"रजेचा अर्ज देऊन जाईन," मी म्हणालो. डावीकडचे साहेब खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचे खांदे हलत होते.

बाहेर आलो तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली होती. समोर काका पाण्याचा पेला भरून उभे. मी तो एका दमात रिकामा केला. काका पेला उलटा धरून हसले.

आठवड्यानं नेमणुकीचं पत्र आलं आणि वडिलांनी गिरणी सोडली. मी काकांच्या पाया पडायला गेलो, तेव्हा त्यांनी मला गॅलरीच्या टोकाला नेलं. इतका अवघडलेला तो माणूस मी कधी पाहिला नव्हता.

"आतली ती खुर्ची," ते म्हणाले, "बसाक कशी वाटता रे? तीस वर्सां पुसलंय तिका. बसलंय कधीच नाय."

मला खुर्चीचं काहीच आठवेना. घाबरून मी तिच्या कडेवर जेमतेम टेकलो होतो. पण त्यांचा चेहरा बघून तसं सांगवेना. "झक्क आहे काका. बसलं की उठावंसं वाटत नाही."

काका हळूच म्हणाले, "पाणी व्हया?"

मी नको म्हणालो.